प्रेक्षकच जेव्हा मोहोळात शिरतो

उंच इमारतीच्या सज्जाखाली आग्या मोहोळ दिसले की गृहनिर्माण संस्थेची तातडीची बैठक बसते आणि निर्णय बहुधा आधीच ठरलेला असतो : कीटकनाशक फवारणाऱ्याला बोलवा. त्याच इमारतीतील एखाद्या घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे सगळे काही वर्षानुवर्षे एकटी सून करीत असते. त्या विषयावर मात्र कधी बैठक होत नाही. मधमाशी आणि परिचर्या हे वरकरणी एकमेकांशी संबंध नसलेले विषय एकाच खेळात आणता येतील काय, आणि आणले तर प्रेक्षकाला त्यातून नेमके काय शिकता येईल, हे समजून घ्यायचे तर लोकसहभागी रंगभूमीचे तंत्र आधी पाहावे लागेल.

या तंत्राचे श्रेय प्रामुख्याने ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल यांच्याकडे जाते. लष्करी राजवटीने १९७१ मध्ये त्यांना अटक करून त्यांचा छळ केला. पुढे देशाबाहेर असताना १९७३ मध्ये ते पेरू देशातील साक्षरता मोहिमेत सामील झाले. तेथे घडलेला एक प्रसंग त्यांनी पुढे अनेकदा सांगितला. एका निरक्षर स्त्रीला तिच्या नवऱ्याने महत्त्वाची कागदपत्रे म्हणून काही कागद जपून ठेवायला दिले होते. ते दुसऱ्याकडून वाचून घेतल्यावर ती त्याच्या प्रेयसीची पत्रे असल्याचे तिला कळले. नवरा परत आल्यावर तिने काय करावे, असा प्रश्न बोआल यांच्या नटांनी प्रेक्षकांना विचारला. प्रेक्षकांतील एका धिप्पाड बाईला नटांनी करून दाखविलेले एकही उत्तर पटेना. तिच्या मते त्याच्याशी ‘स्पष्ट बोलायला’ हवे होते. अखेर वैतागून बोआल यांनी तिलाच रंगमंचावर बोलाविले. तिने झाडू उचलला आणि नवऱ्याची भूमिका करणाऱ्या नटाला चांगलाच चोप दिला. ‘स्पष्ट बोलणे’ म्हणजे काय, हे त्या क्षणी सर्वांना उमगले. प्रेक्षकाने केवळ सल्ला देऊ नये, स्वतः उठून करून पाहावे, हे सूत्र येथून पक्के झाले.

त्यातून आकाराला आलेल्या ‘फोरम थिएटर’ची रीत सोपी आहे. एक छोटे नाटुकले वाईट शेवटापर्यंत करून दाखविले जाते. मग तेच पुन्हा सुरू होते. या वेळी प्रेक्षकांतील कोणीही ‘थांबा’ म्हणू शकतो, अडचणीत सापडलेल्या पात्राची जागा घेऊ शकतो आणि वेगळे काही करून पाहू शकतो. बाकीचे नट मात्र आपापल्या भूमिकेतून विरोध चालूच ठेवतात. उपाय फुकट मिळू देत नाहीत. मध्ये एक सूत्रधार असतो, तो निवाडा करीत नाही, फक्त विचारतो : ‘हे प्रत्यक्षात जमेल का?’ भारतात पश्चिम बंगालमधील ‘जन संस्कृती’ ही संस्था १९८५ पासून खेड्यापाड्यांत नाटक करीत आली असून, फोरम थिएटर हेच तिचे मुख्य साधन झाले आहे.

परिचर्येचा विषय या रंगभूमीला नवा नाही. बोआल १९९३ ते १९९६ या काळात रिओ द जानेरोच्या नगरपरिषदेचे सदस्य होते. वस्त्यावस्त्यांत खेळ करायचे, प्रेक्षकांनी सुचविलेल्या तोडग्यांतून कायद्याचा मसुदा काढायचा, असा उद्योग त्यांनी केला. त्यातून तेरा कायदे झाले. त्यांतील एक वृद्धांच्या उपचारासंबंधी होता : महापालिकेच्या रुग्णालयांत वार्धक्यातील आजारांची जाण असलेली वैद्यकीय सेवा उपलब्ध असली पाहिजे. वृद्धांनीच केलेल्या खेळांमधून ही मागणी पुढे आली होती. नाटकाने समाज बदलतो काय, या आपल्याकडील जुन्या परिसंवादी वादात हे उदाहरण फारसे कोणी देत नाही, याचे आश्चर्य वाटते.

पोळ्यातील दाया

आता मधमाशीकडे वळू. सातेरी माशीचे पोळे झाडाच्या ढोलीत, अंधारात असते. कामकरी माशी कोषातून बाहेर पडली की पहिले काही दिवस पोळ्याची घरे साफ करते. त्यानंतर साधारण आठवडाभर ती दाईचे काम करते. या वयात तिच्या डोक्यातील ग्रंथींमधून पौष्टिक स्राव पाझरतो. तो अळ्यांना भरविला जातो. एकेका अळीकडे दिवसातून शेकडो वेळा कोणी ना कोणी डोकावून जाते. पिल्ले वाढतात त्या भागाचे तापमान पस्तीस अंशांच्या आसपास राखले जाते. उन्हाळ्यात पंखांनी वारा घालून, थंडीत अंगाची ऊब देऊन. मग मेण काढणे, दाराशी पहारा आणि शेवटी मकरंद-पराग आणण्यासाठी बाहेरची भरारी. दायांची संख्या अचानक घटली, तर बाहेरचे काम करणाऱ्या माश्यांपैकी काही पुन्हा दाईच्या कामाकडे वळतात. परिचर्या ही तेथे कोणा एकीची कायमची नेमणूक नसून आयुष्यातील एक पाळी आहे.

रंगकर्मीला मोह पडावा अशी आणखी एक गोष्ट पोळ्यात घडते. फुलांचा ठावठिकाणा कळलेली माशी परत येऊन नाचते. नाचातील सरळ धावेची दिशा सूर्याच्या संदर्भात वाट दाखविते आणि धावेचा कालावधी अंतर सांगतो. हे कोडे उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले; योगायोग असा, की बोआल यांच्या पेरूतील प्रयोगाचे वर्षही तेच. अंधारात हा नाच बघता येत नाही. नाचणारीच्या मागे इतर माश्या धावतात, मिशांनी तिला स्पर्श करतात आणि मग स्वतः उडून जातात. नुसते बसून पाहणारा प्रेक्षक पोळ्याच्या उपयोगाचा नाही.

मात्र येथे सावध राहावे लागते. ‘मधमाश्यांकडून शिका’ असा उपदेश बालनाट्यांत स्वस्तात मिळतो आणि तो अर्धवट असतो. पोळ्यात पिल्लांची देखभाल करणाऱ्या साऱ्या माश्या माद्या असतात. नर या कामाला हात लावत नाहीत. शिवाय ही सारी माया पिलांसाठी आहे. थकलेल्या वा आजारी माशीची शुश्रूषा होत नाही. ती बाहेर जाऊन मरते किंवा बाहेर काढली जाते. म्हणजे घरातील वृद्धांच्या सेवेचा आदर्श म्हणून पोळे दाखविणे चुकीचेच. त्याचा उपयोग प्रश्न उभा करण्यापुरता. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांच्या देखभालीत सहभागी असल्याचे आढळले; पुरुष २१.४ टक्के. हे काम करणाऱ्यांत स्त्रियांचा दिवसाला सरासरी १४० मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ७४ मिनिटे. या बाबतीत आपली घरे पोळ्याहून फार दूर नाहीत, असे प्रेक्षकानेच म्हटले तर खेळ रंगू लागतो.

सभागृहात काय घडेल?

मराठी प्रेक्षकाला रंगणात असे छोटे जीव पाहण्याचे नवल नाही. एकनाथांच्या भारुडात विंचू चारशे वर्षांहून अधिक काळ वावरतो आहे. सामाजिक प्रश्न घेऊन वस्तीत जाणारे नाटकही त्याने पाहिले आहे. ज्योती म्हापसेकर यांचे स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ मध्ये रंगमंचावर आणलेले ‘मुलगी झाली हो’ हे त्याचे ठळक उदाहरण.

समजा, गृहनिर्माण संस्थेच्या सभागृहात असा खेळ लावला. पहिल्या फेरीत मोहोळ जाळले जाते आणि त्याच रात्री सून थकून कोसळते. दुसऱ्या फेरीत एक निवृत्त गृहस्थ ‘थांबा’ म्हणतात आणि सुनेच्या जागी उभे राहून नणंदेला सांगतात, ‘आठवड्यातले दोन दिवस तुम्ही या.’ नणंद उत्तर देते, ‘माझी नोकरी कोण करणार?’ गृहस्थ अडखळतात. मग एक कॉलेजकन्यका उठते आणि मुलाकडे वळते, ‘आईचे डायपर तुम्ही का बदलत नाही?’ सभागृहात आधी हशा पिकतो, नंतर शांतता. मोहोळाच्या प्रवेशात कोणी माहिती पुरवितो, की आग्या माश्या हंगामानुसार स्थलांतर करतात आणि अनेकदा पोळे आपसूक रिकामे होते; न डिवचता, ती खिडकी बंद ठेवून थांबता येईल काय? त्यावर लहान मुलाची आई भीती बोलून दाखविते आणि ती भीतीही खरीच असते. आग्या माश्यांचा हल्ला जिवावर बेतू शकतो. अशा वेळी जाळण्याऐवजी मधपाळाला बोलावण्याचा तिसरा मार्ग निघतो. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तर महाबळेश्वरजवळील मांघर २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. माहितगार माणसे फार लांबची नाहीत.

अशा खेळाची खरी अडचण वेगळीच आहे. ज्या सुनेसाठी तो रचला जातो, तिलाच दोन तास घर सोडून खाली सभागृहात येता येत नाही. सासूबाईंजवळ कोण बसणार? अमेरिकेतील मिलवॉकी येथे ॲन बास्टिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उत्तर शोधले ते नाटकच परिचर्येच्या जागी नेऊन. ‘लूथर मॅनर’ या वृद्धनिवासात तेथील रहिवासी, कर्मचारी, विद्यापीठाचे विद्यार्थी आणि ‘सोजर्न थिएटर’चे नट यांनी दीर्घ काळ एकत्र काम केले. विषय होता होमरच्या महाकाव्यातील पेनेलोपी. वीर नवरा आधी युद्धात आणि मग समुद्रावर भटकत असताना वीस वर्षे घर सांभाळणारी. २०११ मध्ये त्याचा प्रयोग झाला तेव्हा रहिवाशांना नाट्यगृहात नेण्यात आले नाही. प्रेक्षकच त्या इमारतीतून, एका दालनातून दुसऱ्या दालनात, नाटकामागे चालत गेले.