छोट्या कामाला जड लेथ

लाकडी लेथ बदलायची वेळ आली की पहिला विचार येतो तो मोठ्या यंत्राचा. पैसे घालतोच आहोत तर जरा मोठाच घेऊ, उद्या वाडगे-ताटं करावीशी वाटली तर पुन्हा खर्च नको. पण ज्याचं काम भोवरे, पेन, कुंकवाचे करंडे, बुद्धिबळाची प्यादी आणि फार तर लाटणं इथपर्यंतच आहे, त्यानं हा विचार बाजूला ठेवावा. छोट्या कामाला लेथ छोटा चालतो. मात्र तो हलका असून चालत नाही, आणि थोडासाही आऊट असून चालत नाही. नवा लेथ शोधताना जे पाहिलं, हात लावून तपासलं, त्यातून हेच पक्कं होत गेलं.

माझ्या जुन्या लेथचा हेडस्टॉक ॲल्युमिनियमचा होता. बेअरिंग बदलता येतं, ते बदललंही. पण बेअरिंग ज्या घरात बसतं ते घरच आतून झिजलं की नवं बेअरिंगही लवकरच प्ले दाखवायला लागतं. स्पिंडल मुठीत धरून वर-खाली दाबला की बारीक टकटक हाताला कळायची. शिसवीच्या भोवऱ्यावर स्क्यू फिरवली की जिथे चकचकीत पृष्ठभाग निघायला हवा, तिथे तिरक्या, वळत जाणाऱ्या रेघा उमटायच्या. जॉबवर चॅटर येतो म्हणतात तो हा. पॉलिशपेपरनं रेघा जातात, पण त्यांच्याबरोबर खाचांच्या कडा आणि मण्यांची गोलाईही जाते. छोट्या वस्तूचं सगळं देखणेपण त्या कडांमध्येच असतं, म्हणून यंत्र बदलणं भाग होतं.

आता वजनाचं कारण. लेथवर लावलेला चौकोनी तुकडा गोल होईपर्यंत पटाशीला सलग लाकूड मिळतच नाही. दर फेऱ्याला चार कोपरे येऊन तिच्यावर आपटतात. १५०० आरपीएमला मिनिटाला ६००० ठोके, म्हणजे सेकंदाला १००. हे ठोके पटाशीतून टूल रेस्टमध्ये, तिथून बेडमध्ये उतरतात. बेड पत्र्याचा किंवा पोकळ पाइपचा असेल तर तो थरथरतो आणि ती थरथर पुन्हा धारेपर्यंत परत येते. बेड बीडाचा असेल तर बराचसा धक्का तिथेच जिरतो. बीडात ग्रॅफाइटचे बारीक पापुद्रे विखुरलेले असतात आणि कंपनांची ऊर्जा ते खाऊन टाकतात. म्हणून तर धातुकामाच्या लेथचे बेड पूर्वीपासून बीडाचे ओतले जातात. दुकानात याची सोपी परीक्षा करता येते. बेडवर लाकडी हातोडीनं हलकेच वाजवावं. पाइपचा बेड बराच वेळ घुमतो, बीडाचा बेड ठक करून गप्प होतो.

वीसेक किलोचे छोटे लेथ बाजारात भरपूर मिळतात, दिसायलाही सुबक असतात. त्याच मापाचा, पण बीडाचा बेड आणि बीडाचा हेडस्टॉक असलेला लेथ चाळीस-पन्नास किलोंपर्यंत जातो. उचलताना कंबर कुरकुरते, पण लेथ एकदा टेबलाला बोल्टनं आवळला की रोज कोण उचलतो? कोल्हापूरसारख्या फाउंड्रीच्या गावाजवळ राहणाऱ्यांना तर चांगलं ओतकाम हाताशी आहे. बेड ओतून, मशिनिंग करून घेऊन बाकीचे भाग जोडण्याचा मार्गही त्यांना खुला आहे.

वजनाइतकीच महत्त्वाची स्पिंडलची खरी फिरत. पेनचं उदाहरण घेऊ. साध्या पेनमध्ये ७ मिलिमीटरची पितळी नळी असते आणि कातून झाल्यावर तिच्याभोवती साधारण पाऊण मिलिमीटर लाकूड उरतं. नळीचा मध्य फक्त ०.२ मिलिमीटर सरकला तर एका बाजूला ०.९५ आणि दुसऱ्या बाजूला ०.५५ मिलिमीटर लाकूड राहतं. पातळ बाजू क्लिप बसवताना तडकते. हीच ०.२ मिलिमीटरची चूक दहा इंची वाडग्यात कुणाला शोधूनही सापडणार नाही. म्हणजे काम जितकं छोटं, तितकं यंत्र काटेकोर हवं.

हे तपासायचं कसं? हेडस्टॉकमध्ये आणि टेलस्टॉकमध्ये टोकदार सेंटर लावावं, टेलस्टॉक सरकवत दोन्ही टोकं एकमेकांना जेमतेम शिवतील इतकी जवळ आणावीत आणि आधी वरून, मग बाजूनं पाहावं. टोकाला टोक भिडलं पाहिजे. मग टेलस्टॉकची पकड आवळून पुन्हा पाहावं, कारण काही लेथमध्ये आवळतानाच टोक बाजूला सरकतं. दोन सेंटरमध्ये नुसतं लाकूड कातताना ही चूक लपून जाते. टेलस्टॉकमध्ये ड्रिल लावून भोक पाडायला घेतलं किंवा पेनचा मँड्रेल चढवला, की ती उघडी पडते. डायल गेज असेल तर तो चुंबकी स्टँडवर लावून स्पिंडलच्या टेपरच्या आत टेकवावा आणि स्पिंडल हातानं सावकाश फिरवावा. काटा जेवढा कमी हलेल तेवढं चांगलं. मी पाहिलेल्या एका जुन्या, रंग उडालेल्या लेथवर काटा जवळजवळ स्थिर राहिला, आणि शेजारच्या कोऱ्या करकरीत लेथवर तो ठळक डोलत होता. शेवटी लेथ पूर्ण वेगात चालू करून हेडस्टॉकवर पाच रुपयांचं जुनं जाड नाणं कडेवर उभं करावं. ते पडलं तर बेल्ट, पुली, मोटर यांपैकी कुठे तरी असमतोल आहे.

वेगाचा हिशेब छोट्या कामात उलटा होतो. २० मिलिमीटर जाडीचं लाकूड ३००० आरपीएमला फिरलं तर त्याच्या कडेचा वेग मिनिटाला सुमारे १८८ मीटर होतो. २५० मिलिमीटरच्या वाडग्याला तोच वेग २४० आरपीएमला मिळतो. म्हणून मोठ्या वाडग्याच्या लेथचं कौतुक त्याच्या कमी वेगात असतं, तर आपल्याला ३००० ते ३५००पर्यंत शांतपणे जाणारा लेथ हवा. पण खालचा वेगही विसरता येत नाही. ड्रिलिंगला, डिंक-फेविकॉल लावून जोडलेल्या तुकड्यांना आणि पॉलिश चढवायला ५००-६०० आरपीएम लागतात.

लाखकाम करायचं असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. सावंतवाडीची लाखेनं रंगवलेली लाकडी खेळणी आणि कर्नाटकातली चन्नपट्टणची खेळणी आपल्याला चांगली परिचित आहेत. लेथवरच्या लाखकामात रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते, लाकडावर पसरते, मग केवड्याचं पान दाबून ती सारखी करतात, चमक आणतात. कांडी दाबली की लेथ मंदावला, तर उष्णता कमी पडते आणि लाख गुठळ्या धरते. केवळ इलेक्ट्रॉनिक बटणावर वेग उतरवणाऱ्या स्वस्त डीसी मोटरचा जोर खालच्या वेगात बराच घटतो. म्हणून वेगाचं बटण असलं तरी सोबत दोन-तीन पायऱ्यांची पुली हवीच. बेल्ट खालच्या पायरीवर टाकला की मोटर तिच्या ताकदीच्या वेगात राहते आणि स्पिंडल सावकाश, पण जोरात फिरतो. थ्री-फेज मोटर आणि घरच्या सिंगल फेजवर चालणारा ड्राइव्ह ही जोडी थोडी महाग पडते, पण तिला कार्बन ब्रश नाहीत आणि खालच्या वेगातही ती दम धरते. ड्राइव्हचा डबा मात्र भुशापासून दूर आणि बंद असावा.

लांबीच्या बाबतीत कागदावरच्या आकड्याला फसू नये. चक साधारण ७५ मिलिमीटर पुढे येतो, त्यात पेनचा ६० मिलिमीटरचा तुकडा, समोर ड्रिल चक आणि त्यातून बाहेर आलेलं ड्रिल. म्हणजे बारा इंची लेथ पेनला भोक पाडतानाच संपतो. अठरा इंच असेल तर भोकही नीट पडतं आणि लाटणंही मावतं. टेलस्टॉकची नळी निदान ६० मिलिमीटर पुढे यावी, कारण पेनच्या नळीची लांबी पन्नासच्या वरच असते आणि मध्येच टेलस्टॉक सरकवला की भोक वाकडं जाण्याची भीती असते.

स्पिंडलचे आटे आणि टेपर प्रचलित मापाचेच घ्यावेत: १ इंच ८ टीपीआयचे आटे आणि एमटी-२. या मापाचे चक, फेसप्लेट, सेंटर सहज मिळतात. आटे भलत्याच मापाचे निघाले तर प्रत्येक चकसाठी वेगळा अडॅप्टर करून घ्यावा लागतो, आणि प्रत्येक अडॅप्टर स्पिंडलच्या खरेपणात थोडी तूट आणतो. परदेशातून आणलेला जुना लेथ स्वस्तात मिळत असेल तर मोटरवरची पाटी आधी वाचावी. ११० व्होल्टची मोटर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावली तर जळते. ट्रान्सफॉर्मर लावला तरी ६० हर्ट्झची साधी इंडक्शन मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्शानं सावकाश फिरते.

या सगळ्यातून मी निवडला तो दहा इंच स्विंगचा, अठरा इंच लांबीचा, बीडाचा बेड आणि पाऊण एचपीची मोटर असलेला लेथ. याहून मोठा त्याच किमतीत मिळत होता, पण त्याचा बेड पाइपचा होता. लेथ बघायला जाताना आपली धार लावलेली पटाशी आणि ओळखीच्या लाकडाचा तुकडा सोबत न्यावा आणि दुकानदाराला तिथेच चालवून दाखवायला सांगावं. हेदू किंवा शिसवीसारखं घट्ट लाकूड यासाठी उत्तम, कारण ते यंत्राचा कुठलाच दोष झाकत नाही. आणि ठरवलेले सगळे पैसे लेथवर संपवू नयेत. चांगला चार जबड्यांचा चक आणि धार लावायचा ग्राइंडर यांची तरतूद आधी करून, उरलेल्या रकमेत बसेल तो सर्वांत जड आणि सर्वांत खरा फिरणारा लेथ घ्यावा.