‘होणे’ आणि ‘राहणे’ : रूपांतरकथेतील दोन क्रियापदे

रूपांतराच्या कथेत पात्र एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते, एवढे सांगितल्याने त्या कथेचा उलगडा होत नाही. प्राप्त झालेले रूप नवे आहे की मूळचेच आहे, हा खरा प्रश्न होय. मराठीत त्याचे उत्तर पुष्कळदा क्रियापदाच्या निवडीतून मिळते. बीड जिल्ह्यातील एक आख्यायिका व एक अमेरिकन ॲनिमेशनपट यांच्या आधारे हा भेद स्पष्ट करता येईल.

जे पूर्वी तसे नव्हते ते तसे होणे, या अर्थास संस्कृत व्याकरणात ‘अभूततद्भाव’ म्हणतात व तो च्वि-प्रत्ययाने दर्शविला जातो. ‘घनीभवन’, ‘शुद्धीकरण’ अशा शब्दांतून ती रचना मराठीतही आली आहे. बोलीत हेच कार्य ‘होणे’ करते. ‘पाण्याचा बर्फ झाला’ या वाक्यात मूळ वस्तू षष्ठीत जाते आणि क्रियापद नव्या वस्तूचे लिंग घेते. उलट ‘पाणी पाणीच राहिले’ येथे मूळ वस्तूचे कर्तेपण अबाधित असते.

अंबाजोगाईच्या योगेश्वरीची आख्यायिका या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. देवीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला होता. परंतु मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी अंबाजोगाईस कुमारिका राहिली, असे सांगतात. वऱ्हाड षष्ठीत लोपले. देवी मात्र कर्तेपदी राहिली. व्यवहारात ‘लग्नाची राहिली’ या शब्दांत उणेपणाची सूचना असते. येथे तसे घडत नाही. योगेश्वरी ही अनेक कोकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी होय आणि विवाहानंतर नवदांपत्ये तिच्या दर्शनास येतात. जिचा विवाह झाला नाही, तिच्याच कृपेची अपेक्षा विवाहितांनी करावी, हे अर्थपूर्ण आहे.

‘श्रेक’ हा ॲनिमेशनपट २००१ साली प्रदर्शित झाला. विल्यम स्टाइग यांच्या १९९० सालच्या बालपुस्तकावर तो आधारलेला असून, पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटासाठी सुरू झालेला पहिला ऑस्कर पुरस्कार २००२ साली त्यास मिळाला. त्यातील राजकन्या फियोना दिवसा मानवी रूपात असते व सूर्यास्तानंतर राक्षसीण होते. खऱ्या प्रेमाच्या पहिल्या चुंबनाने ती प्रेमाचे खरे रूप धारण करील, असा उःशाप आहे. हे खरे रूप मानवीच असणार, असे तीही गृहीत धरते. प्रत्यक्षात ती कायमची राक्षसीण ठरते. ‘राजकन्येची राक्षसीण झाली’ असे म्हटल्यास शाप फळला. ‘ती राक्षसीणच राहिली’ असे म्हटल्यास तो सुटला. प्रसंग एकच; परंतु मराठीत तो सांगणाऱ्यास यांपैकी एक अर्थ पत्करावाच लागतो.

हा विचार मराठीस परका नाही. ज्यांची समाधी अंबाजोगाईस दाखविली जाते, त्या मुकुंदराजांच्या नावावरील ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ परंपरेने शके १११० मधील मानला जातो. त्यातील अद्वैतमतानुसार मुक्ती म्हणजे काही नवे होणे नव्हे, स्वरूप ओळखणे होय.

तथापि चित्रपट व आख्यायिका यांत एक महत्त्वाचा फरक आहे. फियोना क्षणभर गोंधळते. ती सुंदरच आहे, असे श्रेक तिला सांगतो. तिच्या स्वस्वीकारास प्रियकराच्या शब्दाचा आधार मिळतो. योगेश्वरीच्या कथेत तो आधारच नाही. तिच्या ‘राहण्या’स प्रतिष्ठा दिली ती भक्तसमुदायाने.

याच जिल्ह्यात, विशेषतः ऊसतोडीसाठी दरवर्षी परमुलखात जाणाऱ्या कुटुंबांत, कायद्याने ठरविलेली १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच मुलींची लग्ने लावून देण्याचे प्रमाण अद्याप मोठे आहे. दारिद्र्य व मुलीच्या सुरक्षिततेची चिंता ही त्याची प्रमुख कारणे होत; परंतु ‘मुलगी राहील’ हे भयही त्यांत मिसळलेले असते. त्या वाक्यातील उणेपणा ‘राहणे’ या धातूच्या अर्थात नाही. तो समाजाने त्यास जोडला आहे. देवीच्या बाबतीत त्याच समाजाने तो जोडलेला नाही.