गाडी हुशार, चालक गाफील?

एखाद्याला मॉनिटर नेमून मी वर्गाबाहेर गेले, की पहिली पाच मिनिटं तो डोळ्यांत तेल घालून पाहारा करतो. कुणीच गडबड केली नाही, तर मग स्वारी हळूच खिडकीबाहेर बघू लागते!

नव्या मोटारींतही असंच होतं. पुढच्या गाडीपासून अंतर राखणं, रस्त्यावरच्या पट्ट्यांच्या आत राहणं, ही कामं रडार नि कॅमेरे सांभाळतात. चालकानं फक्त लक्ष ठेवायचं. पण तेच तर अवघड! नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं एक प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध केला. घड्याळासारखा काटा दोन तास बघत बसायचं. तो क्वचित दुप्पट उडी मारी, ती टिपायची. अर्ध्या तासातच लोकांच्या नजरेतून उड्या निसटू लागल्या!

१८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतल्या टेम्पी गावी स्वयंचलित मोटारीची चाचणी चालू होती. देखरेखीसाठी बसलेली चालक मोबाइल बघत होती. सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंचा त्यात जीव गेला.

तेव्हा घरी अशी गाडी आली, तर आईबाबांना जरूर सांगा, ‘गाडी नुसती मदतनीस. चालक तुम्हीच!’