डबीत धन नाही, सह्यांचा कागद! जुन्या चर्चभोवती चालणारा 'जिओकॅशिंग'चा खेळ आहे तरी काय?

ई-पीक पाहणी करताना बांधावर उभं राहून फोटो काढला की मोबाईल अक्षांश-रेखांश टिपून घेतो, हे आता शेतकऱ्यांना नवीन नाही. त्याच आकड्यांवर जगभर एक खेळ चालतो. नाव जिओकॅशिंग. एकानं डबी लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे. दुसऱ्यानं मोबाईल घेऊन ती शोधायची, आतल्या कागदावर नाव आणि तारीख लिहायची आणि डबी होती तिथंच परत ठेवायची. बक्षीस वगैरे काही नाही.

खेळ सुरू झाला २००० साली. तोपर्यंत अमेरिकन सरकार सामान्य लोकांसाठीचा जीपीएस सिग्नल मुद्दाम ढोबळ ठेवायचं, जागा शंभरेक मीटरनं चुकायची. १ मे २००० च्या रात्री ही अडवणूक बंद झाली. लगेच ३ मे रोजी ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर यांनी रानात एक बादली ठेवली आणि तिचा ठिकाणा जाहीर केला. तिथून हे लोण पसरलं.

इंग्लंडमध्ये या खेळानं गावोगावची जुनी चर्च धरली. 'चर्च मायक्रो' नावाच्या मालिकेत अशा हजारो डब्या आहेत. तिथं प्रत्येक गावाला आपलं पॅरिश चर्च असतं. गावातल्या जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी शेकडो वर्षं तिथंच झाल्या. भिंतींवर, थडग्यांवर सनावळ्या कोरलेल्या. डबी लपवणारा सरळ ठिकाणा देत नाही, या दगडांवरचे आकडे वाचून यायला लावतो.

डर्बीशायरमधलं ईम नावाचं गाव घ्या. सेंट लॉरेन्स चर्चच्या भिंतीवर १७७५ सालचं सूर्यघड्याळ आहे. आवारात कॅथरीन मॉम्पेसन या बाईंची कबर आहे, त्या १६६६ साली गेल्या. समजा कोडं असं: कबरीच्या सालातला शेवटचा आकडा आधी, घड्याळाच्या सालातला नंतर. म्हणजे ६ आणि ५. ते '५३ अंश १७.१' च्या पुढं लावले की झालं १७.१६५ मिनिटं उत्तर. रेखांशाचंही तसंच काढायचं. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर. शेवटचा आकडा एकानं चुकला तर फार बिघडत नाही, पण पॉइंटनंतरचा पहिलाच चुकला तर १८५ मीटर लांब, कुणाच्या तरी वावरात!

आता ही कॅथरीन कोण? ती तिथल्या पाद्र्याची, विल्यम मॉम्पेसनची बायको. १६६५ मध्ये लंडनहून एका शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग गावात शिरला असं मानतात. पुढच्या वर्षी मॉम्पेसन आणि आधीचे धर्मोपदेशक थॉमस स्टॅन्ली यांनी गावाला समजावलं आणि गावानं स्वतःला कोंडून घेतलं. प्रार्थना चर्चऐवजी उघड्यावर दरीत. हद्दीवरच्या दगडाला भोकं पाडलेली, त्यात व्हिनेगर आणि व्हिनेगरमध्ये पैसे. शेजारच्या गावचे लोक धान्य ठेवून पैसे उचलायचे. सुमारे २६० माणसं मेली. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईनं आठ दिवसांत नवरा आणि सहा लेकरं स्वतःच्या हातानं पुरली.

२०२० मध्ये आपल्याकडं कितीतरी गावांनी वेशीवर काटे टाकले, ते बाहेरचा माणूस आत येऊ नये म्हणून. ईमनं उलटं केलं. आपला रोग बाहेर जाऊ नये म्हणून गाव बंद. मोबाईलमध्ये डोकं घालून आलेला पोरगा डबीच्या नादात हे वाचून जातो, या खेळाचं खरं मोल मला तरी यातच दिसतं.

नियम कडक आहेत. डबी जमिनीत पुरायची नाही, जागेच्या मालकाची परवानगी हवी. कबरीवर पाय देणं, दगड हलवणं नाही. म्हणून चर्चच्या बऱ्याच डब्या आवाराबाहेर, कुंपणाशी नाहीतर पाटीमागं असतात.

आपल्याकडं 'लपवलेलं' म्हटलं की कुणाच्या तरी डोक्यात गुप्तधन येतंच, म्हणून स्पष्ट सांगतो: यात खोदकाम अजिबात नाही. गडावर, जुन्या देवळात कुदळ मारली तर पुरातत्त्व कायदा लागू शकतो. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार केले तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच.

खेळून बघायचं असेल तर जिओकॅशिंगचं साधं खातं फुकट मिळतं. जीपीएसला रेंज लागत नाही, नकाशा मात्र आधी डाउनलोड करून ठेवा. दाट झाडीत आकडे हलतात. मोकळ्यावर येऊन दोन मिनिटं थांबायचं. आणि पेन आपलं आपण न्यायचं, एवढ्याशा डबीत ते मावत नाही.