दुष्काळाने पाडलेल्या वाटा

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता चौक्याचा घाट ओलांडून फुलंब्रीत येतो. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. या रस्त्यावर सायकल चालवणे म्हणजे मालट्रक, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, लेण्यांकडे धावणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या आणि एसटी यांच्या मधल्या फटीतून वाट काढणे. चौपदरीकरणाचे काम कित्येक वर्षे रखडले, तेव्हा धूळ आणि खड्डे वर. रस्ता झाला तसा वेग आला, आणि सायकलवाल्याच्या दृष्टीने धुळीपेक्षा वेग वाईट. म्हणून इथले अनुभवी सायकलपटू फुलंब्रीची पाटी दिसायच्या आधीच डांबर सोडतात. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, अर्ध्या तासात अशा मुरमाड वाटेला लागता, जिथे तासाभरात एखादी मोटारसायकल आणि एखादा शेळ्यांचा कळप भेटतो.

वाहनांपासून दूर, जंगल-डोंगर आणि जलाशय यांच्या मधून कच्च्या रस्त्याने लांब पल्ल्याची सायकल चालवणे ही आता जगभर फोफावलेली हौस आहे. तिला ‘ग्रॅव्हल’ म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला मुंडा बिड्डी नावाची हजार किलोमीटरची वाट खास सायकलींसाठी जंगलातून काढली आहे. फुलंब्रीत असे कोणी काही काढलेले नाही. तरीही वाटा आहेत, आणि त्या कोणी, कशासाठी पाडल्या हे पाहू गेले की सायकलचा विषय मागे पडतो आणि मराठवाड्याचा इतिहास पुढे येतो.

आधी भूगोल. पश्चिमेला खुलताबाद-म्हैसमाळचे डोंगर, उत्तरेला अजिंठ्याची रांग. म्हैसमाळच्या गिरिजादेवीचे नाव लावणारी गिरिजा नदी या डोंगरांतून उतरते, फुलंब्री तालुका ओलांडते आणि पुढे पूर्णेला, पूर्णेमार्गे गोदावरीला मिळते. खोरे रुंद, उतार मवाळ, पाऊस वर्षाला जेमतेम सातशे मिलिमीटर, तोही लहरी. अशा ठिकाणी पाणी अडवायचे तर एक मोठे धरण बांधून भागत नाही. ओढ्याओढ्यावर बांध घालावे लागतात. येसगावचा गिरिजा प्रकल्प, फुलंब्री आणि वाकोदचे मध्यम प्रकल्प, सांजूळचा तलाव ही नावे नकाशावर सापडतात. त्यांच्या मधले पाझर तलाव मोजायला मात्र शिवारातच उतरावे लागते. भर उन्हाळ्यात त्यांतले बरेचसे कोरडे असतात आणि तळाच्या गाळावर कोणीतरी गाळपेर करून घेतलेले असते.

यांतली बरीच कामे दुष्काळाची आहेत. १९७० पासून पाऊस हुलकावण्या देत होता; १९७२ साली त्याने पाठच फिरवली. मराठवाड्यात म्हातारी माणसे आजही वय सांगताना ‘बहात्तरच्या आधी’, ‘बहात्तरच्या नंतर’ असा हिशेब करतात. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने गावोगावी कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती, आणि राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या घरात होती. म्हणजे तान्ही पोरे आणि अंथरुणाला खिळलेली माणसे धरून दहातला एक जण खडी फोडत होता नाहीतर माती वाहत होता. पोटात अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी, पोरांच्या हातात सुकडी.

खडी फोडणे हे प्रामुख्याने बायकांचे काम झाले. डोंगरातला काळा दगड आणायचा, हातोडीने फोडायचा, ढीग लावायचा. ढीग ब्रासमध्ये मोजला जाई. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मजुरी त्या मापावर. ती खडी रस्त्यावर पसरून वर मुरूम टाकत, पाणी मारत आणि रूळ फिरवत. डांबराला पैसे नसत, आणि सगळे रस्ते पुरेही झाले नाहीत. पाऊस आला, माणसे शेतावर परतली, रस्ता जिथवर आला होता तिथेच थांबला. मराठवाड्यात असे गावाच्या पुढे मैलभर जाऊन माळावर संपणारे रस्ते सापडतात. मोटारवाल्याला ते निरुपयोगी. सायकलवाल्याला त्यांच्या टोकाशी बहुधा एखादी पायवाट लागते, आणि ती त्याला पुढच्या पाझर तलावावर नेऊन सोडते.

या अनुभवातून रोजगार हमी योजनेला कायद्याचे रूप आले. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला तिचा छोटा प्रयोग केला होता; कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. मग दर दुष्काळाला नवे बांध, नवे रस्ते. आजची प्रत्येक कच्ची वाट बहात्तरची आहे असे नाही. काही त्याहून खूप जुन्या गाडीवाटा आहेत, काही गेल्या दहा वर्षांतल्या. पण या प्रदेशात खडी आणि पाणी एकमेकांच्या इतके जवळ का, याचे उत्तर बहात्तरात सापडते. दोन्ही एकाच हजेरीपटावरची कामे होती.

मातीचे धरण आणि रस्ता यांचे नाते तर बांधणीतच असते. भरावाचा माथा दाबून सपाट केलेला असतो, कारण तपासणीची जीप तिथून जावी लागते. पाण्याच्या अंगाला दगडी पिचिंग, दुसऱ्या अंगाला गवत. माथ्याच्या एका टोकाला सांडवा, आणि पायथ्याशी कालवा असेल तर त्याच्या कडेने पाटकऱ्याला फिरायला सेवारस्ता. कालवा अगदी मंद उताराने, डोंगराला वळसा घालत जातो, म्हणून हा रस्ता जवळजवळ सपाट असतो. चढाला कंटाळलेल्या माणसासाठी याहून चांगली सोय अभियंत्यानेही मुद्दाम केली नसती. अर्थात ही जागा जलसंपदा विभागाची आहे. विचारून जावे, आणि भराव पावसाने मऊ झालेला असताना त्यावर चाक घालू नये.

आता जमिनीबद्दल, कारण सायकल तिच्यावर चालते. दख्खनचा बेसाल्ट कुजला की मुरूम होतो: निचरा चांगला, दाबला की घट्ट बसतो, पाऊस पडून गेल्यावर दोन तासांत चालण्याजोगा. आणखी कुजून खोऱ्यात साचला की काळी माती. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळल्यावर भेगाळते. ओल्या काळ्या रानात सायकल घातली तर पन्नास पावलांत चिमटा आणि चाक यांच्या मधली जागा भरून जाते, चाक फिरायचे थांबते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. महागड्या सायकलीलाही यातून सूट नाही. म्हणून हंगाम दिवाळीच्या सुमाराचा: माती वाळलेली, तलाव भरलेले, गवत अजून पिवळे पडायचे आहे. ऑक्टोबर ते जानेवारी. फेब्रुवारीनंतर ऊन चढते आणि वाटेवर सराटे पसरतात. सराटा आणि वेड्या बाभळीचा काटा, या दोघांनी इथे जितकी चाके पंक्चर केली असतील तितकी खिळ्यांनीही केली नसतील. ट्यूबलेस टायरमध्ये चीक घालणे ही इथे चैन उरत नाही.

टायरवरून एक गंमत. नव्या ग्रॅव्हल सायकलला साधारण चाळीस मिलिमीटर रुंदीचे टायर असते आणि विक्रेता ते मोठी सुधारणा म्हणून दाखवतो. आपल्याकडे दूधवाल्याच्या काळ्या सायकलचे ‘अठ्ठावीस बाय दीड’ टायर मापाने तेवढेच भरते. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून गाडीवाटेने तालुक्याला दूध पोचवणारा माणूस हा खेळ खेळ ठरायच्या आधीपासून खेळत होता. अशा सायकली बनवणाऱ्या ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला. तो दिवस जागतिक सायकल दिन होता.

बाहेरच्या जगातही कच्च्या रस्त्याची सायकल तशी नवी नाही. इंग्लंडमध्ये १९५५ साली लेमस्टर गावी काही जण जमले आणि डांबराबाहेर भटकणाऱ्यांचा ‘रफ स्टफ फेलोशिप’ हा संघ उभा राहिला. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरियाची शर्यत २००६ मध्ये सुरू झाली. २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. आपल्या कामाचे उदाहरण मात्र टस्कनीतले. तिथले चुनखडीचे पांढरे कच्चे रस्ते एकेक करून डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा जानकार्लो ब्रोची यांनी १९९७ मध्ये गायोले गावातून जुन्या सायकलींची ‘एरोइका’ ही फेरी सुरू केली. पहिल्या वर्षी ९२ जण आले. पुढे हजारो येऊ लागले आणि रस्ते तसेच ठेवणे गावाला परवडू लागले.

हे ऐकून आपल्याकडचा शहरी सायकलपटू हरखतो: फुलंब्रीच्या वाटाही अशाच राखाव्यात. इथे मी त्याच्या बाजूने नाही. टस्कनीच्या शेतकऱ्याला दुसरा रस्ता होता. इथे ज्येष्ठ-आषाढात पाणंद चिखलाने बुजली की खताची गोणी डोक्यावरून न्यावी लागते, आजारी माणूस बाजेवर आणावा लागतो, मका आणि कापूस भाव पडेपर्यंत शेतात अडकतो. रस्त्यावरून भाऊबंदकीत डोकी फुटतात. अडवलेली वाट खुली करून घ्यायला शेतकरी १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचे कलम ५ आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ घेऊन तहसीलदारापुढे उभा राहतो, तो गंमत म्हणून नाही. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. मे २०२५ मध्ये शासनाने शेतरस्ता किमान ३ ते ४ मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी, असे ठरवले. हे रस्ते पक्के होणारच, आणि व्हायलाच हवेत. रविवारी सकाळी तीन तास रमायला येणाऱ्याने बाराही महिने तिथे राबणाऱ्याला चिखलात ठेवू नये.

मग उरते काय? पुष्कळ उरते. धरणाचा भराव आणि कालव्याचा सेवारस्ता यांना पक्के करण्याची कोणाला घाई नाही. तिथून माल जात नाही, पाटकरी जातो. आणि उरतो जंगलरस्ता. चौक्याजवळ सारोळ्याचे रान, जटवाड्याकडून खुलताबादला जाणारा डोंगर, म्हैसमाळची पठारे. झाडी पानगळीची: सालई, धावडा, खैर, पळस, मधूनमधून सीताफळ. वणव्याच्या हंगामाआधी, म्हणजे १५ फेब्रुवारीच्या आत, वनखाते जाळरेषा साफ करते. वरून पाहिले तर डोंगराच्या अंगावर भांग पाडल्यासारख्या त्या दिसतात. त्यांवरून सायकल जाईल असे वाटते, पण त्या पाण्याच्या निचऱ्याचा विचार करून आखलेल्या नसल्याने तिथे धूप होते आणि चाकोऱ्या पडल्या की दर पावसाळ्यात वाढत जातात. त्या सोडाव्यात.

आणखी उत्तर-पश्चिमेला कन्नडच्या बाजूला गौताळा औट्रमघाट अभयारण्य लागते. स्थापना १९८६, क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. इथे सायकलचा उत्साह आवरता घ्यावा लागतो. १९७२ च्याच वन्यजीव संरक्षण अधिनियमाने अभयारण्यातला प्रवेश परवान्यावर ठेवला आहे. त्या एका सालाने या प्रदेशाला वाटाही दिल्या आणि कुंपणही. बिबट्या इथला जुनाच रहिवासी. २०२१ च्या मार्चमध्ये टिपेश्वर अभयारण्याकडून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघही इथल्या कॅमेऱ्यात टिपला गेला. तोही वाहने टाळत, ओढ्या-जंगलाच्या आधाराने आला असणार. सायकलचा आवाज होत नाही हा तिचा गुण एरवी सांगतात. दाट झाडीच्या वळणावर तोच दोष ठरतो, कारण जनावराला तुमची चाहूल लागत नाही. घंटी वाजवत जावे, दिवस मावळायच्या आत बाहेर पडावे.

ज्याला जायचे आहे त्याच्यासाठी साधी आखणी: फुलंब्रीहून पश्चिमेला बाजार सावंगीच्या बाजूने गिरिजेचे खोरे धरायचे, येसगावच्या जलाशयापर्यंत जायचे, अंगात दम असेल तर म्हैसमाळ चढायचा, नाहीतर खुलताबादला जाऊन चहा घ्यायचा. पाणी दोन बाटल्या कमीत कमी. वाटेत हातपंप लागतात, पण मार्चनंतर त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. हवा भरायचा पंप, दोन ट्यूब, काटा उपसायला चिमटा. बांधावरून जाताना कोणी उभे दिसले तर उतरून रामराम करावा, वाट विचारावी. फोनच्या नकाशात जी वाट पलीकडे निघते, ती गेल्या हंगामात कोणी नांगरलेली असू शकते.