अलॉय मोठी बसवायची, तर टायर कोणता घ्यायचा?

भिगवण सोडून इंदापूरकडे निघालात की डाळज लागतं. एका बाजूला उजनीचं पसरलेलं पाणी, मधून पुणे–सोलापूर महामार्ग. चारपदरी रस्त्यावर कारला ताशी १०० ची मर्यादा आहे आणि कारखान्यांच्या हंगामात त्याच रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टरही चाललेला असतो. म्हणजे वेग आहे, अचानक ब्रेकही आहे. आपल्या भागातल्या पोरांचा जिव्हाळ्याचा विषय मात्र एकच, कंपनीची चाकं काढून मोठी मॅग व्हील टाकायची. टायर कोणता बसेल विचारलं की उत्तर येतं, "बसतंय ना, मग काय टेन्शन?"

तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर हे उत्तर जरा थांबून ऐका. "बसतं" हे एक निरीक्षण आहे. "चालेल" हा निष्कर्ष आहे. दोघांच्या मध्ये बरंच काही मोजायचं राहिलेलं असतं. आज तेच मोजू.

उदाहरण सगळ्यांच्या माहितीतलं घेऊ, मारुती स्विफ्ट. वरच्या मॉडेलच्या टायरवर १८५/६५ आर१५ ८८ असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत. आर म्हणजे रेडियल बांधणी. १५ हा रिमचा व्यास, आणि तो इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! प्रयोगशाळेत कुणी असं लेबल लावलं तर गाईड वही परत करतील, पण जगभर हेच चालतं. म्हणून पहिलं काम, सगळं एका एककात आणणं.

१५ इंच गुणिले २५.४ म्हणजे ३८१ मिमी. भिंतीची उंची १८५ च्या ६५ टक्के, म्हणजे १२०.२५ मिमी. ती वर एकदा आणि खाली एकदा मोजायची, म्हणून २४०.५. एकूण व्यास ६२१.५ मिमी.

आता गंमत बघा. त्याच स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १४ इंची रिमवर १६५/८० आर१४ टायर येतो. त्याचा हिशोब ३५५.६ अधिक २६४, म्हणजे ६१९.६ मिमी. रिम एका इंचाने बदलली, रुंदी २० मिमीने बदलली, तरी बाहेरचा व्यास २ मिमीच्या आतच राहिला. हा योगायोग नाही. कंपनीने एक राशी स्थिर धरली आणि बाकीच्या बदलल्या. रिम मोठी करायची असेल तर भिंत तेवढी बुटकी करायची, हाच अपसायझिंगचा पाया आहे.

मग १६ इंची अलॉयवर काय घ्यायचं? १९५/५५ आर१६ चा व्यास येतो ६२०.९. जवळजवळ तोच. २०५/५५ आर१६ चा ६३१.९, म्हणजे १.७ टक्के जास्त. १५ ची रिम तशीच ठेवून "जरा भरदार दिसू दे" म्हणत २०५/६५ टाकला तर ६४७.५, म्हणजे ४.२ टक्के जास्त. आणि १७ इंचावर २०५/४५ घेतला तर ६१६.३, म्हणजे जेमतेम ०.८ टक्के कमी.

इथे कुणीतरी हुशार विद्यार्थी विचारेल की गाडीच्या वजनाने टायर खाली दबतो, मग हा व्यास खरा कसा? बरोबर शंका. रेडियल टायर एका फेरीत व्यासाच्या ३.१४ पट अंतर कापत नाही. व्यवहारात सुमारे ३.०५ पट धरतात. म्हणजे आपला टायर एका फेरीत साधारण १.९ मीटर जातो. पण आपण दोन टायरांची तुलना करतोय, आणि दोन्हीकडे तोच ३.०५ गुणक असल्याने गुणोत्तर काढताना तो उडून जातो. गुणोत्तर घेतलं की सामाईक चूक नाहीशी होते. ही युक्ती तुम्हाला पुढे स्पेक्ट्रोस्कोपीपासून सर्वेक्षणापर्यंत सगळीकडे भेटेल. अट एकच, चूक खरंच सामाईक असली पाहिजे.

व्यासाची एवढी काळजी का? स्पीडोमीटरला रस्ता दिसत नाही, तो फक्त फेऱ्या मोजतो. चाक ४.२ टक्के मोठं झालं की मीटर १०० दाखवत असताना गाडी आधीपेक्षा ४.२ टक्के जास्त पळते. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ नुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर चालतं, खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किमीपर्यंत. म्हणून कंपन्या मीटर थोडं पुढेच ठेवतात. मोठा टायर ही राखीव जागा खाऊन टाकतो. तुमच्या मीटरमध्ये किती जागा शिल्लक आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही. मोबाईलच्या जीपीएसशी ताडून बघा, पण आकडे शेजारी बसलेल्याने टिपायचे, चालवणाऱ्याने नाही.

व्यासाचा भाग इथे संपला. बहुतेक लोक इथेच थांबतात, कारण मोबाईलवरचे टायर कॅल्क्युलेटरही इथेच थांबतात. माझ्या मते खरा धोका पुढे आहे.

त्या ८८ आकड्याकडे वळू. हा भारांक. ८८ म्हणजे ८८ किलो नव्हे, तो तक्त्यातला क्रमांक आहे. ८८ ला एका टायरवर ५६० किलो, ८७ ला ५४५, ८५ ला ५१५, ८४ ला ५००. त्याच्या पुढचं अक्षर वेगाचं असतं. टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१० किमीपर्यंत. वेगाचं अक्षर आपल्या रस्त्यांवर क्वचितच अडतं. भारांक अडतो.

ओझं मुळात रबर पेलत नाही, टायरमधली दाबाखालची हवा पेलते. भिंत बुटकी केली की हवेची जागा कमी होते. त्यामुळे १७ इंची २०५/४५ हा टायर दिसायला रुंद, महागडा, पण साध्या बांधणीत त्याचा भारांक ८४ च असतो. रुंद म्हणजे दणकट, हा समज इथे सपशेल पडतो.

मग दुकानदार म्हणतो, "एक्सएल घ्या, त्यावर ८८ आहे." आकडा खरा आहे. पण तो कोणत्या अटीवर आहे? साध्या टायरचा भारांक साधारण २५० किलोपास्कल दाबाला धरतात, एक्सएलचा २९० ला. आपण हवा भरतो ३३ पीएसआय, म्हणजे सुमारे २३० किलोपास्कल. टायर उद्योगात वापरतात त्या अंदाजानुसार क्षमता दाबाच्या ०.८ घाताने बदलते. गणित करून बघा, ३३ पीएसआयला साधा ८८ जवळपास ५२५ किलो पेलतो आणि एक्सएल ८८ जेमतेम ४६५. दोघांवर आकडा एकच, पण एकाच दाबाला ताकद ६० किलोने वेगळी! कोणतंही मापन त्याच्या अटींसकट वाचायचं म्हणतात ते हेच. शोधनिबंधातला आकडा उचलताना तो कोणत्या तापमानाला, कोणत्या दाबाला मोजलाय हे बघितलं नाही तर तुमचंही असंच होईल.

कमी पेलणारा टायर लगेच फुटत नाही, हीच अडचण आहे. तो दर फेरीला जास्त वाकतो. वाकताना रबर दिलेली सगळी ऊर्जा परत करत नाही, थोडी उष्णता म्हणून ठेवतो. त्याला हिस्टेरेसिस म्हणतात. सेकंदाला चौदा-पंधरा फेऱ्या, मे महिन्यातला तापलेला रस्ता, गाडीत पाच माणसं आणि डिकीत लग्नाचं सामान. उष्णता साठत जाते आणि आतले थर एकमेकांपासून सुटायला लागतात.

यावर आपल्याकडे हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, तापून वाढते." तापून वाढते हे खरं. २५ अंशांना ३३ पीएसआय असेल, तर ६५ अंशांना ती सुमारे ३९ होते. (बारावीचाच वायूचा नियम. फक्त वातावरणाचे १४.७ आधी मिळवा, तापमान केल्व्हिनमध्ये घ्या, शेवटी १४.७ वजा करा.) पण ही वाढ कंपनीने हिशोबात धरलेली असते, म्हणून तर दाब थंड टायरचा सांगतात. मुद्दाम हवा कमी केली की टायर जास्त वाकतो आणि आणखी तापतो. ज्याला घाबरून हवा सोडली, तेच घडतं.

आता रिमची रुंदी. १८५/६५ आर१५ ला ५ ते ६.५ इंच रुंदीची रिम मान्य आहे, १९५/५५ आर१६ ला ५.५ ते ७. काहीजण ७.५ इंची रिमवर तोच १९५ ताणून बसवतात, दिसायला झकास. मग टायरची कड रिमवर जशी बसायला हवी तशी बसत नाही आणि खड्ड्यात रिमच थेट आपटते. शिवाय टायरवरची रुंदी ठरलेल्या रिमवर मोजलेली असते. रिम अर्धा इंच रुंद घेतली की टायरही साधारण ५ मिमी फुगतो.

ऑफसेटचं एकच उदाहरण देतो. समजा जुनी रिम ५.५ इंची, ऑफसेट ४५, आणि नवी ६.५ इंची, ऑफसेट ३८. रुंदी वाढल्याने चाक दोन्ही बाजूंना १२.७ मिमी सरकलं. ऑफसेट कमी झाल्याने आणखी ७ मिमी बाहेर गेलं. म्हणजे बाहेर १९.७, आत ५.७. जवळजवळ दोन सेंटीमीटर बाहेर! रिकाम्या गाडीत घासणार नाही. मागे तिघे बसले आणि स्पीडब्रेकर आला की मडगार्डला घासेल.

नटांच्या वर्तुळाला पीसीडी म्हणतात. स्विफ्टचा ४ बाय १००, म्हणजे चार नट, १०० मिमी व्यास. ९८ ची रिम "ओढून" बसवून देणारे असतात, त्यांच्याकडून सरळ निघून या. मधलं भोक ५४.१ मिमी आहे. अलॉयचं भोक मोठं असेल तर मधली रिंग घ्या, नाहीतर स्टिअरिंग थरथरतं आणि दोष बॅलन्सिंगवर जातो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशीलांना सोडून गाडीत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. कंपनीने तुमच्या मॉडेलला मान्य केलेल्या मापात राहिलात तर हा प्रश्न उरत नाही. टायरवर आयएसआय खूण हवीच, आणि चार आकडी तारीख बघा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा.

मग घ्यायचं काय? व्यास, रिमची रुंदी आणि भारांक या तिन्ही अटी एकत्र लावल्या की १७ इंच बाद होतो. १९५/५५ आर१६ काठावर राहतो, कारण त्याचा भारांक बहुधा ८७, मूळ टायरपेक्षा एक पायरी खाली. कंपनी खालच्या मॉडेलला ८५ चालवते हे खरं, पण तो वेगळ्या मापाचा टायर आणि त्याचा दाबही कंपनीने त्याच्यासाठीच ठरवलेला. तो आधार इकडे ओढता येत नाही. घरची माणसं घेऊन महामार्गावर जाणाऱ्याला मी १५ इंचीच अलॉय आणि १८५/६५ सांगेन. दिसण्याची हौसही भागते. दुकानात जाण्याआधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो काढून न्या. चाकं बसली की पाचही जणांना गाडीत बसवा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवा आणि कुणाला तरी खाली वाकून बघायला सांगा. पैसे त्यानंतर द्या.