चार पेरू, तीन अळ्या

वेबसाइट चालवणाऱ्याच्या मनात एक दिवस हा विचार येतोच. रोज नवं लिहायला सवड नाही, मग कुणाची तरी बातम्यांची फीड आणून आपल्या पानावर जोडली तर? पान तासातासाला ताजं होईल, गूगलला वाटेल इथे राबता आहे, आणि शोधात आपण वर सरकू. हा हिशेब फसतो. पण तो का फसतो याच्या मागे गेलं, की मला माहीत असलेल्या गणितातली एक फार देखणी युक्ती हाती लागते.

आधी फीड म्हणजे काय ते पाहू. मार्च १९९९मध्ये नेटस्केप कंपनीत रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांनी आरएसएस या फीडच्या स्वरूपाची पहिली आवृत्ती तयार केली. वाचकाने आपल्या आवडीच्या साइट निवडायच्या आणि त्यांचे मथळे त्याला एकाच पानावर दिसायचे, एवढाच तेव्हाचा हेतू. फीडची फाइल उघडून पाहिली तर अक्षरशः दवंडीचा मजकूर: शीर्षक, दुवा, दोन ओळींचा सारांश. पुढच्या आवृत्त्यांत प्रत्येक नोंदीला प्रसिद्धीची तारीख आणि कायमची ओळखखूणही जोडता येऊ लागली. पान कसं दिसतं, रंग कुठला, जाहिरात कुठे, यातलं काहीही तिच्यात नाही.

यंत्राला हेच हवं असतं. सर्च इंजिनचा क्रॉलर, म्हणजे पानं गोळा करत फिरणारा प्रोग्रॅम, साइटवर येतो तेव्हा नवं काय आहे हे कळायला त्याला पानामागून पान चाळावं लागतं. फीड असेल तर एका फाइलीत काम भागतं. त्यातही एक सुरेख संकेत आहे. क्रॉलर विचारतो, ‘मागच्या खेपेनंतर काही बदललं का?’ बदललं नसेल तर सर्व्हर फाइल पाठवतच नाही. ३०४ हा आकडा कळवतो आणि बोलणं तिथेच संपतं. २०१४ साली गूगलने साइटवाल्यांना सांगितलं होतं, की साइटमॅप नावाच्या यादीत सगळी पानं द्या, फीडमध्ये ताजे बदल द्या, दोन्ही ठेवा. म्हणजे फीडचा शोधासाठी उपयोग आहेच, पण तो आपली फीड बाहेर जाण्यात आहे. दुसऱ्याची आत आणली की काय होतं?

एकच बातमी शेकडो साइटवर छापली जाते. कुणी शीर्षक बदलतं, कुणी शेवटचा परिच्छेद गाळतं, भोवतीच्या जाहिराती तर प्रत्येकाच्या निराळ्या. तरी यंत्र ओळखतं, की ही सगळी एकच बातमी आहे. कसं? २००७ साली गूगलच्या गुरमीतसिंग मानकू आणि अरविंद जैन यांनी अनिश दास सर्मा यांच्यासोबत एक शोधनिबंध मांडला. त्यात वापरलेली सिमहॅश ही मूळ युक्ती मोझेस चारीकर यांची, २००२ची.

पानातल्या प्रत्येक शब्दाला एक आणि शून्य यांची ६४ मण्यांची माळ द्यायची. ‘कांदा’ या शब्दाची माळ कुठल्याही पानावर तीच. मग मतदान घ्यायचं. ज्या शब्दांच्या माळेत पहिला मणी एक आहे त्यांनी एकच्या बाजूने हात वर करायचा, ज्यांचा शून्य आहे त्यांनी शून्याच्या. महत्त्वाच्या शब्दाच्या मताला वजन जास्त. जिकडे पारडं जड, तो पहिल्या मण्याचा निकाल. अशा ६४ निवडणुका झाल्या, की अख्ख्या पानाचा ६४ मण्यांचा ठसा तयार.

आता त्या बातमीतले चार शब्द बदला. मोठ्या फरकाने लागलेल्या निकालांवर चार मतांनी काय होणार? अटीतटीचे एखाद-दोन निकाल तेवढे उलटतील. शोधनिबंधात ८०० कोटी पानांच्या साठ्यासाठी मर्यादा ठरवली ती तीन मण्यांची: त्याहून जास्त मणी वेगळे नसतील, तर ती पानं जवळपास एकच. आणि ठसा केवळ आठ बाइटचा, म्हणून ८०० कोटी पानांचे ठसे मिळून ६४ गीगाबाइट. खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये मावतील!

प्रश्न उरतो शोधण्याचा. नवं पान आलं, की त्याचा ठसा ८०० कोटी ठशांशी एकेक करून ताडायचा? इथे ती देखणी युक्ती येते. माळेचे सोळा-सोळा मण्यांचे चार तुकडे करा. फरक जास्तीत जास्त तीन मण्यांचा असेल, तर चारांपैकी एक तुकडा तरी जसाच्या तसा जुळलाच पाहिजे. चार पेरूंत मिळून तीनच अळ्या असतील, तर एक पेरू तरी साफ निघणारच! म्हणून ठशांच्या चार याद्या ठेवायच्या, प्रत्येक यादी एकेका तुकड्यानुसार लावलेली, शब्दकोशासारखी. नेमका तो तुकडा उघडला, की प्रत्येक यादीत ८०० कोटींतून सरासरी सव्वा लाख ठसेच ताडायचे उरतात. शोधनिबंधात हे तुकडे याहून बारीक करत नेले आहेत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कागदावर चार चौकोन काढून तीन ठिपके सगळ्या तऱ्हांनी मांडून पाहिले होते. एक चौकोन रिकामा राहतोच.

आयती आणलेली फीड अडते ती इथे. केवळ मजकूर सारखा म्हणून यंत्र सहसा शिक्षा करत नाही. सारख्या पानांच्या घोळक्यातून ते एक निवडतं आणि बाकीची सहसा मागे ठेवतं. काळजी घ्यावी लागते ती उलट्या बाजूने. तुमचा लेख एखाद्या मोठ्या पोर्टलला दिलात, तर घोळक्यातून निवड त्यांच्या प्रतीची होऊ शकते. म्हणून त्यांच्या प्रतीवर, ती शोधात येऊ नये अशी खूण त्यांनी लावावी, असं गूगल आज सुचवतं. लेख देण्याआधीच हे बोलून घ्यावं, आणि मूळ दुवाही मागून घ्यावा.

समजा तुमची साइट पक्ष्यांची आहे. हवामानाचे मथळे फीडमधून आणून कडेला लावा, वाचकाची सोय होईल. पण परसातल्या आंब्यावर यंदा पावशा कोणत्या तारखेला ओरडला, ते त्यांच्या शेजारी तुम्ही लिहा. त्या मजकुराच्या ६४ निवडणुकांत मतदार तुमचेच शब्द असतील. मग ती नोंद तारखेसह आपल्या फीडमध्ये घाला. क्रॉलर पुढच्या वेळी विचारायला येईल, तेव्हा त्याला ३०४ मिळणार नाही.